हवालदार गलांडे आणि प्युमिसच्या तीन पिशव्या

हणमंतराव गलांडे यांना खुर्चीत बसलेलं पाहिल्याचं त्यांच्या प्रयोगशाळेत कुणाला आठवत नाही. खुर्ची आहे, पण तिच्यावर गेली अठरा वर्षं चाळण्या पुसायची फडकी वाळत असतात. हणमंतराव उभेच असतात. उभ्याने चहा पितात, उभ्याने डबा खातात, आणि हातात काही काम नसलं तर खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालतात. "गलांडे जी, बैठ जाइए, ड्यूटी खत्म हो गई," असं संचालक साहेब येता-जाता म्हणतात. हणमंतराव "जी सर" म्हणतात आणि उभे राहतात.

ही प्रयोगशाळा फरीदाबादच्या औद्योगिक वसाहतीत आहे, नटबोल्टच्या एका कारखान्याला पाठ लावून. एका संशोधन संस्थेची ती धाकटी आणि दुर्लक्षित शाखा. तिथे माती येते, वाळू येते, दगडगोटे येतात. यमुनेच्या पात्रातली वाळू येते, अरवलीची तांबूस माती येते, पानिपतकडच्या शेतांतली चिकट मातीही पोत्यांनी येते. त्यातलं जे चाळण्यासारखं असेल ते चाळायचं, हे हणमंतरावांचं काम. पितळी चाळण्यांची उतरंड रचायची, सगळ्यात मोठ्या भोकांची चाळणी वर, बारीक खाली आणि तळाशी थाळी. ती उतरंड गदागदा हलवणाऱ्या यंत्रावर घट्ट बसवायची, बटण दाबायचं आणि मग कोणत्या चाळणीत किती उरलं ते तोलून लिहायचं. ऐकायला हे काम कुणालाही जमेल असं वाटतं. ज्यांना तसं वाटलं त्यांचे नमुने पुढे हणमंतरावांनाच पुन्हा चाळावे लागले, असा इतिहास आहे.

मूळचे ते सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्याचे. सतरा वर्षं फौजेत, इंजिनिअर पलटणीत काढली. हवालदार म्हणून निवृत्त झाले, माजी सैनिकांच्या जागेवर इथे लागले आणि येताना सोबत फौज घेऊनच आले. भिंतीवर एक पिवळा पडलेला तक्ता चिकटवलेला आहे : नमुना पाचशे ग्रॅम, वेळ पंधरा मिनिटं. हा तक्ता कुणी कधी लावला ते कुणाला माहीत नाही. हणमंतरावांना तो हुकूम वाटतो, आणि हुकुमाला बाप विचारायची त्यांना सवय नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या रजिस्टरची. पलटणीत कुठलाही माल ताब्यात घेताना त्याची अवस्था लिहून सही करायची पद्धत होती. पेटी फुटकी आली की तुमच्या हातून फुटली, हे नंतर ठरवता यावं म्हणून. ही पद्धत त्यांनी इथे आणली. प्रत्येक नमुना हातात आला की तो उघडायचा, बोटांनी चाचपायचा, वास घ्यायचा आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात दोन-तीन ओळी मराठीत लिहायच्या. "वाळू ओलसर. शिंपल्यांचे तुकडे. कुजका वास." हा रकाना आजवर कुणीही वाचला नव्हता. एका तपासनीसाने एकदा विचारलं होतं, हा माणूस इथे कादंबरी लिहितोय का.

अशी अठरा वर्षं गेली. एकही नमुना दुसऱ्यात मिसळला नाही, एकही आकडा मागे फिरला नाही. मेअखेरीस ते निवृत्त होणार होते. समारंभाचं ठरलं होतं आणि सन्मानचिन्हही बनायला गेलं होतं. त्यावर काय कोरायचं हे संचालक साहेबांनी स्वतः सांगितलं होतं : 'अठारह वर्ष, एक भी गलती नहीं.' हणमंतरावांनी कारागिराकडचा कच्चा कागद पाहिला होता आणि कुणी पाहत नाही असं बघून त्याचा मोबाइलवर फोटोही काढला होता. माणूस कितीही करडा असला तरी कौतुक कुणाला नको असतं!

आता क्षिप्राबद्दल सांगायला हवं. क्षिप्रा ही संस्थेतली तरुण भूवैज्ञानिक, मूळची नाशिकची. फेब्रुवारीत ती अंदमानच्या पूर्वेकडच्या एका निर्जन ज्वालामुखी बेटावर जाऊन आली होती. परवानगीला दोन वर्षं लागली, बोटीत पाच वेळा ओकली आणि तीन दिवस खड्ड्यात उतरून तिने तीन कापडी पिशव्या भरून आणल्या. खालच्या थराची, मधल्या थराची आणि वरच्या थराची. पिशव्या एवढ्या फुगलेल्या की हणमंतरावांनी उचलताना कंबर कसली, आणि पिशवी उशीसारखी वर आली. ते जवळजवळ मागेच पडले.

"काका, प्युमिस आहे," क्षिप्रा हसत म्हणाली. "ज्वालामुखीतला फेस. फेस उडाला आणि हवेतच थिजला. आत सगळी भोकंच भोकं. पाण्यात टाका, तरंगतो."

हणमंतरावांनी बादलीत एक खडा टाकून पाहिला. तरंगला. दगड तरंगतो ही गोष्ट त्यांना आवडली नाही.

"मग यात शोधायचं काय मॅडम?"

"तो इथे कसा आला ते." तिने टेबलावर बोटाने डोंगर काढला. "दोन-तीन प्रकार असतात. आधी मापावरून नावं. दोन मिलिमीटरच्या आतली ती राख. त्यावर चौसष्टपर्यंत लापिली, म्हणजे हे आपले खडे. त्याहून मोठे ते गोळे. पण खरी मजा पुढे आहे. समजा हे खडे उंच उडाले आणि वाऱ्यावर येऊन पडले. तर वारा त्यांना निवडतो. जड आधी पडतात, हलके लांब जातात, म्हणून एका जागी साधारण एकाच मापाचे सापडतात. डोंगरावर, खळग्यात, सगळीकडे सारखा थर. कोपरे धारदार, कारण घासायला वेळच मिळालेला नसतो. तो पडीचा थर."

"आणि दुसरा?"

"दुसरा उतारावरून वाहत येतो. तापलेला वायू, राख, खडे, सगळं एकदम, गाडीच्या वेगाने. त्यात निवडानिवड नाही. मोठे, छोटे, पावडर, सगळी खिचडी. एकमेकांवर घासून कोपरे गोल झालेले. तो वाहतीचा थर. आणि नंतर पावसापाण्याने हलवलेला असला तर तो तिसराच. आता या तीन पिशव्यांत पडीचा आहे की वाहतीचा, ते तुमची चाळणी सांगणार."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला खड्ड्यात तरी पडीचाच वाटला. पण वाटण्याला कोण विचारतो काका? आकडे पाहिजेत." मग जाता जाता ती म्हणाली, "आणि जरा हळूच हं."

हे 'जरा हळूच' हणमंतरावांना लागलं. अठरा वर्षं चाळणाऱ्या माणसाला कालची पोर हळूच म्हणते! "मॅडम, निर्धास्त राहा," ते म्हणाले आणि रागाने दोनदा हात पुसले.

त्याच आठवड्यात क्षिप्राला कावीळ झाली. ती महिनाभर अंथरुणावर पडली आणि पिशव्या हणमंतरावांच्या ताब्यात राहिल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे उघडून, चाचपून रकान्यात लिहिलं. मग तोलायला घेतलं. तक्ता म्हणत होता पाचशे ग्रॅम. एरवी नमुन्याचे चार भाग करून एक भाग राखून ठेवायचा असतो, पण हा फेस इतका हलका की अख्खी पिशवी रिती केली तेव्हा कुठे काटा पाचशेच्या जवळ गेला. हुकूम म्हणजे हुकूम. त्यांनी तिन्ही पिशव्या पूर्ण रित्या केल्या. आणि मॅडम हळूच म्हणाल्या होत्या, त्यांचाही मान राखायला हवा. म्हणून त्यांनी यंत्राचा वेग निम्मा केला. वेग निम्मा तर वेळ दुप्पट, इतकं साधं गणित त्यांना येत होतं. पंधराऐवजी त्यांनी तीस मिनिटं लावली. आपल्या या चोख कामावर ते मनातून खूश झाले.

आकडे आले ते खिचडीचे. मोठे थोडे, मधले थोडे, आणि तळाच्या थाळीत पांढरी पावडर भरपूर. क्षिप्रा कामावर परतली, तिने आलेख काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. हणमंतराव बाजूलाच उभे होते.

"वाहतीचा निघाला यार," ती स्वतःशीच म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून हसली. "माझ्या डोळ्यांपेक्षा तुमच्या चाळणीवर माझा जास्त भरवसा आहे काका. मी चुकले असेन."

हे वाक्य हणमंतरावांनी त्या संध्याकाळी बायकोला तीनदा सांगितलं.

वाहतीचा म्हटल्यावर संस्थेत गडबड उडाली, कारण ज्वालामुखी समजत होते त्याहून दांडगा निघाला, ही मोठी बातमी होती. क्षिप्राचा अहवाल तयार झाला. सोमवारी सकाळी दहाला तो दिल्लीच्या मुख्य कार्यालयात मांडायचा आणि तिथून छापायला जायचा, असं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशीचा हा रविवार. मे महिन्यातला, सकाळी नवालाच अंगाची लाही करणारा. हणमंतरावांची मुलगी अक्षया मैत्रिणींबरोबर जयपूरला जाऊन पहाटे परतली होती आणि बैठकीत सॅक उपडी करत होती. तिच्या हातात एक प्लास्टिकची डबी होती.

"शिट! मम्मी, हे बघ. तुझ्यासाठी सरोजिनीच्या बाजारातून घेतलेले प्युमिस स्टोन. सॅकमध्येच राहिले आणि सगळी पावडर झाली!"

"काय स्टोन?" सुनयनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"टाचा घासायचे गं."

"मग वजरी म्हण की सरळ."

"वजरी काय असते? ऐकलंच नाही मी कधी."

सुनयनाबाईंनी कपाळाला हात लावला. हणमंतराव खिडकीशी उभ्याने चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि डबी मागितली. आत चार छोटे दगड होते आणि तळाशी बोटभर पांढरी पावडर.

"हे असेच होते?"

"नाही ना पप्पा! स्क्वेअर होते, मस्त धारदार. बसमध्ये सहा तास जायचे, सहा तास यायचे, एकमेकांवर घासून गोल झाले. पैसे वाया."

हणमंतरावांनी दगड तळहातावर घेतले. गोल, गुळगुळीत, कोपरे गेलेले. त्यांनी डबी कानाशी नेली आणि हलवली. तो आवाज त्यांना ओळखीचा होता. तीन वेळा अर्धा-अर्धा तास त्यांनी तो ऐकला होता, निम्म्या वेगात, शेजारी उभं राहून.

त्यांनी डबी अलगद खाली ठेवली.

वाळूचं तसं होत नाही. वाळू हजारो वर्षं नदीत घासून आलेली असते, यंत्र तिचं आणखी काय बिघडवणार? पण हा थिजलेला फेस होता. तो चाळला गेला नव्हता, दळला गेला होता. थाळीतली पांढरी पावडर बेटावरून आलेली नव्हती. ती फरीदाबादला तयार झाली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत. वाऱ्याने निवडून नीट पाडलेला थर त्यांनी दीड तासात वाहतीचा करून ठेवला होता.

"काय झालं हो?" सुनयनाबाईंनी विचारलं. "तब्येत बरी आहे ना?"

"माझं पानिपत झालं," हणमंतराव म्हणाले आणि चपला शोधू लागले.

पुढचा तासभर त्यांनी घरातून गच्चीवर, गच्चीवरून घरात अशा फेऱ्या मारल्या. सांगायचं की गप्प बसायचं, एवढाच प्रश्न होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी काटे होते. गप्प बसलं तर कुणालाही कळणार नव्हतं. तीन आठवड्यांत ते सन्मानचिन्ह घेऊन घरी बसणार होते. क्षिप्राने विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हती, कारण तिचा भरवसा होता. आणि तिथेच त्यांचा जीव अडकत होता. तिचा अहवाल छापला जाणार, उद्या दुसरा कुणी त्याच खड्ड्यात उतरणार, धारदार खडे हातात घेणार आणि म्हणणार, ही बाई कोण, हिला पडीचा आणि वाहतीचा फरक कळत नाही? तिला कळला होता. तिच्या डोळ्यांना बरोबर दिसलं होतं. तिचे डोळे त्यांनी खोटे पाडले होते.

राग पण येत होता. हळूच म्हणजे काय हळूच? यंत्रावर घालू नका, हाताने चाळा, दोन मिनिटं पुरे, असं स्पष्ट सांगायला काय झालं होतं हिला? मग स्वतःचाच आणखी राग आला. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. विचारायला हवालदार गलांड्यांची मान खाली झाली असती ना!

"फोन करा की त्यांना," सुनयनाबाई म्हणाल्या. सगळं ऐकून त्या शांतपणे भाजी निवडत होत्या.

"फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही?"

"मग जा. पण असं गरगर फिरू नका घरात, मला भोवळ येते."

ते निघाले. मात्र आधी प्रयोगशाळेत गेले. रखवालदार ओळखीचा, त्याने दार उघडलं. हणमंतरावांनी कपाटातून रजिस्टर काढलं आणि काखेत मारलं. अठरा वर्षांत गेटपासशिवाय त्यांनी एक टाचणीही बाहेर नेली नव्हती. पण रजिस्टरशिवाय कबुली ही त्यांच्या लेखी कबुलीच नव्हती. तारीख, वेळ, वेग, सगळं तिथे त्यांच्या अक्षरात होतं. तोंडाने माणूस काहीही बोलतो.

नीलम चौकातून मेट्रो मिळाली. डबा अर्धा रिकामा होता, तरी ते दारापाशी उभे राहिले. लाजपत नगरला गाडी बदलली. पुढचं साउथ एक्स्टेन्शन आलं तेव्हा दार उघडलं आणि ते उतरले, उगाचच. समोरच्या फलाटावर गेले, उलट दिशेची गाडी पकडून परत लाजपत नगरला आले. तिथे पाणी प्यायले. एका पोराने "अंकल, रास्ता भूल गए?" विचारलं. "नहीं," ते तुटकपणे म्हणाले, "याद है." आणि पुन्हा पुढच्या गाडीत चढले.

सरोजिनी नगरला रविवारची झुंबड होती. हँगरला लटकलेले कपडे, "सौ का एक, सौ का एक" ओरडणारे विक्रेते, कोपराने वाट काढणाऱ्या मुली. रजिस्टर छातीशी धरून हणमंतराव त्या गर्दीतून गेले. एका विक्रेत्याने त्यांच्या खांद्यावर शर्ट लावून पाहिला. बाजार संपल्यावर सरकारी क्वार्टर सुरू होतात. क्षिप्राचा नवरा यतीन मंत्रालयात होता, त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. हणमंतराव दारापर्यंत गेले, खाली आले, कडुलिंबाखाली दोन चकरा मारल्या, पुन्हा वर गेले. या वेळी दार आतूनच उघडलं. यतीन कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर निघाला होता.

"अरे काका? या, या ना. क्षिप्रा, बघ कोण आलंय!"

क्षिप्रा लॅपटॉप उघडून बसली होती. उद्याचं सादरीकरण पडद्यावर होतं, पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत निष्कर्ष. ती उठली. "काका, बसा ना. चाय घेणार?"

"नाही. उभाच बरा आहे." त्यांनी रजिस्टर टेबलावर उघडलं. आवाज नीट निघेना, म्हणून त्यांनी पलटणीत देतात तशी खबर दिली. "मॅडम, तीन नमुने माझ्या हातून खराब झाले. यंत्रावर घातले. वेग निम्मा, वेळ तीस मिनिटं. खडे एकमेकांवर घासले. पावडर यंत्रात तयार झाली, ती बेटावरची नाही. हे बघा, इथे लिहिलंय."

क्षिप्राने नोंदीकडे पाहिलं. मग तिचा चेहरा लाल झाला.

"मशीनवर? काका, मी म्हटलं होतं ना हळूच!"

"म्हणून तर वेग निम्मा केला."

"हळूच म्हणजे हाताने! प्युमिस मशीनवर कुणी घालतं का?" ती जवळजवळ ओरडली. "आणि अर्धा तास? ओ गॉड. राखीव भाग कुठे आहे? तो चाळू आपण, आत्ता जाऊ, चलो."

"राखीव नाही. पाचशे ग्रॅम भरत नव्हतं. तिन्ही पिशव्या पूर्ण घेतल्या."

ती खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही. "दोन वर्षं काका. दोन वर्षं परवानगीसाठी फाइल फिरत होती." यतीन दारातच पिशवी धरून उभा होता. हणमंतरावांना वाटलं, तिने आणखी ओरडावं. ओरडून घेणं सोपं असतं. हे रडणं सहन होत नव्हतं, आणि पाय मात्र जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते.

"तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं," ती जरा वेळाने म्हणाली.

"हो. तेच सकाळपासून डोक्यात होतं."

तिने नाक पुसलं आणि रजिस्टर पुढे ओढलं. तीस मिनिटांच्या नोंदीवर हणमंतरावांचं बोट अजून तसंच होतं. तिने ते बाजूला केलं. तिची नजर शेवटच्या रकान्यावर गेली, जो आजवर कुणी वाचला नव्हता.

"हे काय आहे?"

"काही नाही. माल ताब्यात घेताना अवस्था लिहायची पद्धत आहे आमच्यात."

क्षिप्राने मोठ्याने वाचलं. "'खडे हरभऱ्यापासून बोराएवढे, बहुतेक एका मापाचे. कडा धारदार, बोटाला टोचतात. पिशवीत धूळ जवळपास नाही.' हे तुम्ही चाळायच्या आधी लिहिलंत?"

"उघडल्या उघडल्या. तारीख आहे."

तिने खालच्या दोन नोंदीही वाचल्या. 'वरीलप्रमाणेच, मात्र खडे किंचित लहान. अंगठ्याला कापलं.' ती उठली, कपाटातून बेटावरची मळकी वही काढली आणि पानं उलटत एका जागी थांबली. तिथे पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी होत्या आणि त्यांच्यावर आडवी रेघ मारलेली होती. तिने वही रजिस्टरशेजारी ठेवली. कडा धारदार, माप एकसारखं, धूळ नाही, पडीचा थर. शब्द वेगळे होते, खडे तेच होते.

"आकडे आले त्या दिवशी मी हे खोडलं," ती म्हणाली. "मी बरोबर होते काका."

"होतात," हणमंतराव म्हणाले. "तुम्हीच बरोबर होतात."

एका रकान्यावर अहवाल छापता येत नाही, हे दोघांनाही कळत होतं. पुन्हा जावं लागणार होतं, पुन्हा परवानगी, पुन्हा बोट, आणि तीही मिळाली तर. क्षिप्रा लॅपटॉपकडे वळली. उद्याचं सादरीकरण मागे घेत असल्याचं पत्र संचालक साहेबांना आत्ताच पाठवायला हवं होतं. दोन वाक्यं लिहून ती थांबली.

"कारण काय देऊ? यंत्रातल्या दोषामुळे असं लिहिते. तीन आठवडे राहिलेत तुमचे. कोण विचारतंय?"

हणमंतरावांना मोबाइलमधला फोटो आठवला, सन्मानचिन्हाच्या कच्च्या कागदाचा. ते खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

"यंत्रात बिल्कुल दोष नाही मॅडम. त्याला जेवढं सांगितलं तेवढं ते हललं. गलांडे लिहा. हणमंत गलांडे, प्रयोगशाळा सहायक. आणि तक्त्याचंही लिहा, नाहीतर माझ्या जागी येणारा माणूस पुन्हा हेच करेल."

"तुम्ही मला विचारलं नाहीत, हेही लिहू?"

"लिहा."

"मग मीही नीट सांगितलं नाही, तेही लिहिते," क्षिप्रा म्हणाली आणि लिहिलं. पत्र गेलं. यतीनने चहा आणला, आणि हणमंतरावांनी खुर्ची ओढून ती चक्क बसायला घेतली.

मेच्या शेवटच्या दिवशी समारंभ झाला. समोसे होते, हार होता. सन्मानचिन्ह मात्र पत्राच्या आधीच कोरून आलं होतं आणि नवीन करायला वेळ नव्हता, म्हणून संचालक साहेबांनी तेच द्यायचं ठरवलं. सुनयनाबाई आणि अक्षया पहिल्या रांगेत होत्या. साहेब भाषणाला उभे राहिले, फौजेबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले, आणि मग चिन्ह हातात घेऊन त्यावरची ओळ मोठ्याने वाचली, "अठारह वर्ष, एक भी गलती नहीं."

"तीन, सर," हणमंतराव म्हणाले.

साहेबांनी चिन्हावरून नजर वर केली. "क्या?"

"तीन गलतियाँ, सर. रजिस्टर में दर्ज हैं."

साहेब गडबडले, कुणीतरी खोकलं, अक्षयाने मान खाली घातली. हणमंतरावांनी चिन्ह घेतलं, सलाम ठोकला आणि आपल्या जागेवर येऊन उभे राहिले. मागे भिंतीवर पिवळ्या तक्त्याखाली त्यांनी सकाळीच एक नवीन पट्टी चिकटवली होती, हिंदीतही आणि मराठीतही : प्युमिस यंत्रावर घालू नये. हाताने, हळू, दोन मिनिटं. थोडा भाग राखून ठेवावा. शंका असल्यास विचारावे. खाली तारीख होती आणि सही.

समोसे संपल्यावर क्षिप्रा त्यांच्याजवळ आली. "जानेवारीत बेटावर जायची फाइल आज पाठवली काका. परवानगी मिळाली तर पिशव्या फेब्रुवारीत येतील. हाताने चाळायला कुणीतरी लागेल."

"मी तर रिटायर झालो मॅडम."

"म्हणूनच विचारतेय."

हणमंतरावांनी खिशातून पेन काढलं आणि सन्मानचिन्हाच्या खोक्यावर फेब्रुवारी असं लिहून ठेवलं.